औषधाची चिठ्ठी

आपल्याला आता वाचता येते. एस. टी.ची पाटी वाचता येते. सातबारा वाचता येतो. बाजार समितीत कापूस घातला की काटापट्टी वाचून वजन बरोबर लागले की नाही, तेही कळते. पण एक कागद अजून असा आहे की, तो हातात आला म्हणजे शिकलेला माणूसही गप्प बसतो. तो कागद म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी.

या कागदापायी घरातला पैसा जातो. कधी कधी जीवही या कागदावर अवलंबून असतो. म्हणून आजचा पाठ या चिठ्ठीचा.

१. चिठ्ठीतल्या खुणा

चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. पण तिच्यातले आकडे आणि थोड्या खुणा कोणालाही शिकता येतात.

औषधाच्या नावापुढे तीन आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा सकाळचा, दुसरा दुपारचा, तिसरा रात्रीचा. १–०–१ असे असेल तर सकाळी एक आणि रात्री एक. दुपारी नाही. ०–०–१ म्हणजे फक्त रात्री एक. १–१–१ म्हणजे तीनदा.

काही डॉक्टर आकड्यांऐवजी अक्षरे लिहितात. ओ. डी. म्हणजे दिवसातून एकदा. बी. डी. म्हणजे दोनदा. टी. डी. एस. म्हणजे तीनदा. एच. एस. म्हणजे झोपताना. एस. ओ. एस. म्हणजे त्रास झाला तरच घ्यायची, नाही तर नाही.

त्यापुढे आणखी एक आकडा असतो. तो दिवसांचा. गोळी ३ दिवस घ्यायची, ५ दिवस घ्यायची, की कायम घ्यायची, हे त्यावरून कळते. हा आकडा नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावा.

२. वर्गात आलेली चिठ्ठी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली अशी दोन अंगे आहेत. घाटाखाली पूर्णा नदीच्या बाजूला एक गाव आहे, असे समजा. तिथे रात्री साक्षरतेचा वर्ग भरतो. कापूस वेचणीचे दिवस होते. एक बाई शेतातून आली, तशीच वर्गाला येऊन बसली. सारा वर्ग तिला वहिनी म्हणतो. तिने पदराच्या गाठीतून एक कागद काढला.

“गुरुजी, हे वाचून पाहा बरं. पोराच्या बापाले दोन दिवस झाले सर्दी झाली, अंग दुखते. काल तालुक्याले नेलं. सुई देली, सलाईन लावली, अन् एवढ्या गोया लिहून देल्या. माझ्या साऱ्या हप्त्याच्या वेचणीचे पैसे गेले.”

गुरुजींनी चिठ्ठी फळ्यावर उतरवली. दुकानदाराने पाकिटांवर काय लिहिले होते, तेही पाहिले. मग एकेक ओळ वाचली.

पहिली गोळी अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारी. दुसरी तापाची आणि अंगदुखीची. तिसरी सर्दीची. चौथी पित्ताची. पाचवी ताकदीच्या औषधाची बाटली. शिवाय एक सुई. शिवाय एक सलाईन.

“किती झाली?” गुरुजींनी विचारले.

वर्गाने बोटांवर मोजले. “सात!”

एक आजोबा मागे भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “दोन दिवसाच्या सर्दीले सात औषधं? आमच्या वक्ताले तर सुंठीचा काढा पेऊन झोपत होते लोक.”

गुरुजी म्हणाले, “मी डॉक्टर नाही. मला रोग कळत नाही. सात औषधे लागत होती की नाही, हे मी सांगणार नाही. पण मोजणे आपल्याला येते. आणि मोजून पुष्कळ कळते.”

३. मोजून काय कळते?

जागतिक आरोग्य संघटना नावाची एक मोठी संस्था आहे. डॉक्टर औषधे कशी लिहितात, हे तपासण्याची एक साधी रीत तिने १९९३ साली सांगितली. दवाखान्यांतल्या चिठ्ठ्या घ्यायच्या आणि पाच गोष्टी मोजायच्या.

पहिली गोष्ट. एका चिठ्ठीत सरासरी किती औषधे आहेत?

दुसरी. औषध मूळ नावाने लिहिले आहे, की कंपनीने ठेवलेल्या नावाने?

तिसरी. शंभर चिठ्ठ्यांपैकी किती चिठ्ठ्यांत अँटिबायोटिक आहे?

चौथी. शंभरांपैकी किती जणांना सुई दिली?

पाचवी. लिहिलेली औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीतली आहेत काय?

ही यादी काय, तेही समजून घ्या. बहुतेक रोगांना पुरतील अशी खात्रीची औषधे निवडून तिची यादी करतात. जागतिक संघटनेने पहिली यादी १९७७ साली केली. भारत सरकारची पहिली राष्ट्रीय यादी १९९६ साली झाली. २०२२ सालच्या यादीत ३८४ औषधे आहेत. बाजारात मात्र नावे हजारो असतात.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. सातारा जिल्ह्यात डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सोबत्यांनी औषधांचा पुरवठा आणि वापर यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९९५ साली मुंबईच्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेने काढला. गरज नसलेली औषधे आणि गरज नसलेल्या सुया यांवर लोकांचा पैसा कसा वाया जातो, हे त्यांनी प्रत्यक्ष चिठ्ठ्या तपासून दाखवले.

एका चिठ्ठीवरून कोणत्याही डॉक्टरची पारख होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. एखाद्या रोग्याला खरोखरच सात औषधे लागत असतील. पण आलेल्या प्रत्येकाला सुई आणि प्रत्येकाला सलाईन, असे दिसले तर विचार करावा. साऱ्यांचे रोग सारखे नसतात. मग साऱ्यांचे औषध सारखे कसे?

४. डॉक्टरबाई वर्गात येतात

पुढच्या आठवड्यात गुरुजींनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाईंना वर्गात बोलावले. वहिनी आपल्या नवऱ्यालाही घेऊन आली. ती चिठ्ठी बाईंपुढे ठेवली.

वहिनीने सरळच विचारले, “डाक्तरबाई, आमाले लुटलं का?”

बाई म्हणाल्या, “मी त्या दिवशी यांना तपासले नव्हते. त्यामुळे त्या डॉक्टरांबद्दल मी बोलणार नाही. पण मी तुम्हाला एक विचारते. खरे सांगा. तिथे गेल्यावर तुम्ही पहिले काय म्हणालात?”

वहिनीचा नवरा खाली पाहू लागला. मग म्हणाला, “म्हटलं, सायेब, एक चांगली सुई मारून द्या. उद्या कामाले जा लागते.”

सारा वर्ग हसला. बाईही हसल्या.

“हेच मी रोज ऐकते,” त्या म्हणाल्या. “सुई दिली नाही, तर लोक म्हणतात, या डॉक्टरला काही येत नाही. एकच गोळी लिहिली, तर म्हणतात, एवढ्यासाठी कशाला आलो? मग ते दुसरीकडे जातात. दुसरा डॉक्टर विचार करतो, माणूस जाईल त्यापेक्षा सुई दिलेली बरी. काही ठिकाणी सुईचे आणि सलाईनचे वेगळे पैसे मिळतात, तोही मोह असतो. औषध कंपनीचा माणूस येऊन आपल्याच कंपनीचे औषध लिहा म्हणून गळ घालतो. काही वेळा डॉक्टरांची खात्री नसते. रोग नक्की कोणता ते कळत नाही, म्हणून ते सगळ्यावरच औषध देतात. असा दोष थोडाथोडा सगळीकडे आहे. पैसा मात्र तुमचा जातो, आणि शरीरही तुमचेच.”

मग त्यांनी चिठ्ठीतल्या औषधांबद्दल एकेक करून सांगितले.

५. अँटिबायोटिक आणि बोंडअळी

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाला बुरशीतून पेनिसिलिन सापडले. त्या औषधाने लाखो माणसे वाचली. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला सरकारने १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा कारखाना काढला. पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले.

पण फ्लेमिंगने १९४५ सालीच एक इशारा दिला होता. हे औषध अपुरे घेतले, तर जंतू मरणार नाहीत. उलट ते औषधाला सरावतील.

“सरावतील म्हंजे कसं?” आजोबांनी विचारले.

बाई म्हणाल्या, “तुम्ही कपाशी पिकवता. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. २००२ साली बी. टी. कपाशी आली. आधी बोंडअळी मरायची. पुढे काय झाले?”

“पुढं गुलाबी अळी मरेना झाली,” आजोबा म्हणाले. “२०१७ साली तर साऱ्या विदर्भात बोंडं पोखरली तिनं.”

“असे का झाले? शंभर अळ्यांपैकी नव्याण्णव मेल्या. जी एक चिवट होती, ती वाचली. तिचीच पिल्ले वाढली. जंतूंचेही तसेच. औषध उगीच घेतले, किंवा अर्धे घेऊन सोडले, की चिवट जंतू मागे उरतात. ते वाढतात. एकाचे दुसऱ्याला लागतात. मग खरा आजार येतो, न्यूमोनिया होतो, बाळंतिणीला ताप येतो, आणि तेव्हा हेच औषध लागू पडत नाही. कपाशी गेली तर पुढच्या वर्षी पेरता येते. माणूस गेला तर काय?”

वर्ग गप्प झाला.

बाई पुढे म्हणाल्या, “साधी सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. सर्दी आठवडाभरात बहुधा आपोआप बरी होते. गरम पाणी प्यावे, विसावा घ्यावा, ताप असेल तर पॅरासिटॅमॉल घ्यावी. एवढे पुष्कळ झाले.”

अँटिबायोटिक ओळखायला एक खूण उपयोगी पडते. गोळ्यांच्या पाकिटावर एका कडेला उभी तांबडी रेघ असते. तांबडी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही आणि घ्यायचेही नाही. तांबडी रेघ सगळ्या अँटिबायोटिकवर असते. दुसऱ्याही काही औषधांवर असते. काही कडक औषधांसाठी सरकारने २०१४ सालापासून आणखी नियम केला आहे. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचे आणि रोग्याचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची.

म्हणून दुकानावर जाऊन “सर्दीची एक तेज गोळी द्या” असे म्हणू नये. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

६. सलाईनमध्ये काय असते?

“बाई, पण सलाईन लावली की ताकद येते नं?” वहिनीने विचारले.

“ताकद किती येते, ते आपण मोजू,” बाई म्हणाल्या. “साध्या सलाईनची बाटली अर्धा लिटरची असते. तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ असते. एक लहान चमचाभर. बाकी सगळे पाणी. दुसरी बाटली साखरेची असते. तिच्यात अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम साखर. म्हणजे पाचएक चमचे. एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त ताकद आहे.”

आजोबा म्हणाले, “म्हंजे आपण मिठाच्या पाण्याले पैसे देतो?”

“ज्याला तोंडाने पाणी पिता येते, त्याने तेच पाणी पैसे देऊन शिरेतून घेतले. तसेच झाले. पण सलाईनने जीवही वाचतो. ज्याला सारख्या उलट्या होतात, पाणी पोटात ठरत नाही, जो बेशुद्ध आहे, ज्याच्या अंगातले पाणी फार कमी झाले आहे, ज्याचे ऑपरेशन आहे, त्याला सलाईन लावलीच पाहिजे. तिथे नको म्हणू नका.”

सुईचेही तसेच. पिसाळलेला कुत्रा चावला तर सुई घ्यावीच लागते. बाळाच्या लसी घ्याव्याच लागतात. पण जे औषध तोंडाने घेता येते, त्यासाठी सुई कशाला? सुई शिळी असेल तर एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. गुजरातमध्ये मोडासा येथे २००९ साली तसे झाले. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या गेल्या, हिपॅटायटिस ‘बी’ नावाची कावीळ पसरली आणि अनेक माणसे दगावली. म्हणून सुई घ्यायची वेळ आली, तर नम्रपणे सांगावे, “डॉक्टरसाहेब, नवी सुई माझ्यासमोर पाकिटातून काढा.” यात लाज नाही.

७. लेकरांची औषधे

लहान मुलांबाबत चूक झाली तर ती फार महाग पडते.

२०२५ सालची गोष्ट आहे. आपल्या विदर्भाला लागून मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्हा आहे. तिथे सर्दी-खोकला झालेल्या लहान मुलांना खोकल्याचे एक पातळ औषध दिले गेले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. मुलांची लघवी बंद झाली. मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकांना नागपूरला आणले. वीसाहून जास्त मुले गेली. त्यांना झालेला आजार साधा होता.

त्यानंतर केंद्र सरकारने डॉक्टरांना पुन्हा बजावले. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत. पाच वर्षांखालच्या मुलालाही ती सहसा देऊ नयेत. दुखण्याची निमेसुलाइड ही गोळी तर बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासूनच बंदी आहे.

मग खोकल्याला काय करावे? अंगावरचे दूध चालू ठेवावे. मोठ्या मुलाला कोमट पाणी, पेज द्यावी. वर्षाच्या वरच्या मुलाला थोडा मध द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. आणि आईने मुलाचा श्वास मोजावा. घड्याळ धरून एक मिनिट मोजावा. दोन महिने ते एक वर्षाचे बाळ मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास घेत असेल, एक ते पाच वर्षांचे मूल ४० किंवा जास्त घेत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, झटके येत असतील, तर एक घटकाही थांबू नये. दवाखान्यात न्यावे. १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते. तिथे अँटिबायोटिक लागते आणि ते दिलेच पाहिजे.

हगवणीलाही बहुधा अँटिबायोटिक लागत नाही. हगवणीत मूल मरते ते अंगातले पाणी गेल्याने. म्हणून क्षार-साखरेचे पाणी पाजावे. त्याची पुडी, म्हणजे ओ. आर. एस., आशाताईंकडे मिळते. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावी. अर्धी पुडी, अर्धे पाणी असे अंदाजाने करू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. दर जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे. सोबत जस्ताची, म्हणजे झिंकची, गोळी १४ दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या कराव्या. शौचात रक्त पडले, मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, तर दवाखाना गाठावा.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता. सलाईन संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून हजारोंचे जीव वाचवले. पुडी स्वस्त आहे, म्हणून तिला हलकी समजू नका.

८. दुखण्याची गोळी आणि मूत्रपिंड

“दिवसभर वाकून कापूस वेचला की कंबर धरते,” वहिनी म्हणाली. “मंग दुकानातून एक गोई आणतो. रोज संध्याकाळी घेतो. ते तर चालते नं?”

बाईंचा चेहरा गंभीर झाला. “रोज? किती दिवस झाले?”

“दिवाळीपासून.”

“ती आधी थांबवा,” बाई म्हणाल्या. “दुखणे मारणाऱ्या पुष्कळ गोळ्या रोज घेतल्या तर पोटात जखम होते आणि मूत्रपिंडे बिघडतात. आपला हा खारपाण पट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या बाजूला मूत्रपिंडाचे रोगी आधीच पुष्कळ आहेत. विहिरीचे खारे पाणी हे त्याचे एक कारण मानतात. अशा ठिकाणी उन्हात पाणी न पिता काम करायचे आणि वर रोज ही गोळी घ्यायची, म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी भार. उद्या केंद्रावर या. रक्त आणि लघवी तपासू.”

वहिनीने मान हलवली. तिचा हात नकळत कमरेकडे गेला.

९. सगळीच औषधे सोडायची काय?

आजोबा उठून उभे राहिले. “समजलं मले. औषधं कमी तितकं चांगलं. आता माही बी. पी.ची गोई बी बंद.”

“अहो आजोबा, बसा!” बाई घाईने म्हणाल्या. “तीच चूक करू नका. तुमची गोळी बंद केली तर रक्ताचा दाब वाढेल आणि अर्धांगही होऊ शकेल. काही रोगांना औषध कायम लागते. बी. पी., साखर, मिरगी या रोगांत बरे वाटते ते गोळीमुळेच. क्षयाला तर आधी दोन महिने चार औषधे आणि मग चार महिने तीन औषधे घ्यावी लागतात. सहा महिन्यांआधी सोडले तर क्षय उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. ही औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषधे कमी की जास्त, हा प्रश्न नाही. जे लागते ते घ्यावे, पुरते घ्यावे. जे लागत नाही ते घेऊ नये.”

“अन् हे ठरवाचं कोनं?”

“डॉक्टरने. पण तुम्ही विचारल्यावर डॉक्टरने सांगितले पाहिजे.”

मग बाईंनी वहिनीच्या नवऱ्याला तिथेच तपासले. छाती ऐकली. ताप पाहिला. “ताप नाही. छाती साफ आहे. टॉनिक नको, पित्ताची गोळी नको. अँटिबायोटिकही मला गरजेचे वाटत नाही. हे मी तपासून सांगते आहे. दुसऱ्या कोणी आपल्या मनाने चालू औषध बंद करू नये.”

१०. विचारावे कसे?

डॉक्टर शिकलेला माणूस. त्याला विचारायचे म्हणजे भीती वाटते. पण भांडायचे नाही, विचारायचे आहे. हे पाच प्रश्न पाठ करा.

डॉक्टरसाहेब, मला झाले काय आहे?

यातले कोणते औषध कशासाठी आहे?

हे घेतले नाही तर चालेल काय?

किती दिवस घ्यायचे, आणि कोणता त्रास झाला तर परत यायचे?

हे औषध मूळ नावाने लिहून द्याल काय?

शेवटच्या प्रश्नाचा अर्थ असा. पॅरासिटॅमॉल हे मूळ नाव. कंपन्या तिला आपापली निरनिराळी नावे देतात आणि किंमतीही निरनिराळ्या लावतात. मीठ कोणत्याही पुडीतले असो, ते मीठच. तसेच हे आहे. १९७५ साली हाथी समितीने औषधे मूळ नावाने चालवावीत असे सुचवले होते. २०१६ साली डॉक्टरांच्या नियमात दुरुस्ती झाली. औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे त्यात सांगितले. मूळ नावाची औषधे स्वस्तात देणारी जनऔषधी दुकाने २००८ सालापासून निघाली आहेत. दुकानात नाव आणि गोळीवरचा मिलिग्रॅमचा आकडा, दोन्ही जुळवून पाहावे. पाकिटावरची मुदतीची तारीखही वाचावी.

आणि चिठ्ठी फेकू नये. घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी पिशवी करावी आणि चिठ्ठ्या तिच्यात ठेवाव्या. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ती पिशवी सोबत न्यावी. आधी कोणते औषध झाले आणि कोणते सोसले नाही, ते त्यांना कळते.

दुसऱ्या दिवशी वहिनी केंद्रावर गेली. लघवी आणि रक्त तपासायला दिले. कंबरेसाठी बाईंनी गोळी लिहिली नाही. शेक घ्यायला सांगितले, ओझे कमरेला कसे बांधावे ते दाखवले, आणि शेतात पाण्याची कळशी जवळ ठेवायला सांगितले. चिठ्ठीवर एवढेच होते. वहिनीने ती चिठ्ठी स्वतः वाचली.

ध्यानात ठेवा

आकड्यांची ओळ सकाळ, दुपार, रात्र अशी वाचावी.
तांबडी रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये.
सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. हगवणीला आधी क्षार-साखरेचे पाणी.
पाणी पिता येत असेल तर ताकदीसाठी सलाईन मागू नये.
बी. पी., साखर, क्षय यांची औषधे आपल्या मनाने सोडू नयेत.

प्रश्न

१. चिठ्ठीत ०–१–१ लिहिले आहे. गोळी केव्हा घ्यायची?
२. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये मीठ किती असते?
३. गुलाबी बोंडअळी आणि चिवट जंतू यांत सारखे काय आहे?
४. तीन वर्षांचे मूल मिनिटाला ४६ वेळा श्वास घेत आहे. काय करावे?
५. आजोबांनी बी. पी.ची गोळी बंद करायचे ठरवले. त्यांना तुम्ही काय सांगाल?

करून पाहा

घरातल्या जुन्या चिठ्ठ्या वर्गात आणा. त्यांवरची माणसांची आणि डॉक्टरांची नावे झाकून ठेवा. मग साऱ्या मिळून मोजा. एका चिठ्ठीत सरासरी औषधे किती? सुई किती चिठ्ठ्यांत? अँटिबायोटिक किती चिठ्ठ्यांत? मूळ नाव किती ठिकाणी? आलेले आकडे फळ्यावर लिहा आणि पुढच्या वेळी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्याशी बोला.